लादी पाव ते फोकाचिया: घरच्या ओटीजीत ब्रेड कसा करायचा, अगदी सविस्तर

घरी ब्रेड करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो ओव्हन कुठला घेऊ. माझं सरळ म्हणणं आहे की ओव्हन (इथे ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन) नंतर बघू, आधी छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. कपाच्या मापाने केक निभावून नेता येतो पण ब्रेड नाही, कारण एकाच कपात मैदा दाबून भरला तर दीडशे ग्रॅम बसतो आणि चाळून हलका भरला तर सव्वाशेच्याही आत, आणि ३०० ग्रॅम मैद्याला २० ग्रॅम पाणी इकडचं तिकडे झालं की गोळा एकदम वेगळाच वागायला लागतो. मग आपण म्हणतो रेसिपी चुकीची आहे. रेसिपी बरोबर असते, माप हललेलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. 'एक तास फुगू द्या' असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा परदेशातल्या २२-२४ डिग्रीच्या स्वयंपाकघराला धरून. नागपुरात मे महिन्यात तोच गोळा अर्ध्या तासात डब्याचं झाकण वर उचलतो आणि नाशिकला डिसेंबरात दोन तास झाले तरी ढिम्म हलत नाही. त्यामुळे खाली मी ज्या वेळा देतेय त्या अंदाजाच्या समजा, बघायचं ते गोळ्याकडे, घड्याळाकडे नाही. हे एवढं एक जमलं की लादी पाव, सँडविच ब्रेड, कडक ब्रून (इराणी हॉटेलातला कडक सालीचा पाव) सगळं एकाच हाताने होतं.

आधी सामानाचं बोलू

मैदा. आपल्याकडच्या साध्या मैद्यात प्रोटीन साधारण १० टक्क्यांच्या आसपास असतं, परदेशी रेसिप्यांमधलं ब्रेड फ्लोअर १२-१३ टक्क्यांचं. या प्रोटीनपासूनच ग्लूटेन तयार होतं, म्हणजे ती जाळी ज्यात यीस्टने सोडलेला गॅस अडकतो आणि पाव फुगतो. मग पाकीट उलटून मागे बघायची सवय लावा, १०० ग्रॅममागे ११ किंवा जास्त प्रोटीन असेल तर उत्तम, नसेल तर रेसिपीतलं पाणी थोडं कमी करा आणि मळायला थोडा जास्त वेळ द्या, पाव होतोच. पूर्वी बऱ्याच बेकऱ्यांमध्ये पाव चांगला वर यावा म्हणून पोटॅशियम ब्रोमेट वापरायचे, २०१६ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, त्यावर बंदी घातली. घरी असलं काही लागत नाही, हात आणि वेळ पुरतो.

यीस्ट. इन्स्टंट ड्राय यीस्ट घ्या, बारीक रवाळ दाणे असतात ते, कोरड्या मैद्यात थेट मिसळता येतं. अ‍ॅक्टिव्ह ड्राय यीस्टचे दाणे जाडे असतात, ते कोमट पाण्यात साखर घालून १० मिनिटं भिजवावं लागतं आणि इन्स्टंटच्या साधारण सव्वापट लागतं. बेकरीवाल्याकडून ताजं यीस्ट मिळालं तर इन्स्टंटच्या तिप्पट वजनाने घ्यायचं. पाकीट फोडलं की उरलेलं हवाबंद डबीत घालून फ्रीझरमध्ये टाका, महिनोन्‌महिने टिकतं. शंका आली तर अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि अर्धा चमचा यीस्ट घालून बघा, १० मिनिटांत वर फेस आला नाही तर फेकून द्या आणि ब्रेडचा बेत उद्यावर ढकला. पाणी कोमट म्हणजे बोटाला जेमतेम गरम लागेल इतकंच, ५५-६० डिग्रीला यीस्ट मरतं, आणि 'कोमट' म्हणून लोक चहाचं पाणी ओततात.

मीठ. मैद्याच्या वजनाच्या २ टक्क्यांपेक्षा किंचित कमी, ३०० ग्रॅमला साडेपाच ग्रॅम. मीठ यीस्टला लागलं की यीस्ट मरतं असं सगळे सांगतात, पण लगेच मिसळून मळणार असाल तर काहीही होत नाही. रात्रभर दोन्हींचा ढीग एकावर एक ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी. मीठ विसरलात तर मात्र पाव पचपचीत तर लागतोच वर गोळा अतिशय भराभर फुगून ढिला पडतो.

लादी पाव, आणि इथेच सगळं शिकून घ्या

हा नीट जमला की पुढचे ब्रेड म्हणजे यातच थोडे फेरफार, म्हणून इथे जरा निवांत थांबतेय.

८ इंची चौकोनी टिनमध्ये ९ पाव बसतात. मैदा ३०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम (चहाचा सव्वा चमचा), साखर १५ ग्रॅम, मीठ साडेपाच ग्रॅम, दूध १०० ग्रॅम, पाणी ९५ ग्रॅम, मऊ बटर २५ ग्रॅम. मे महिना असेल तर यीस्ट ३ ग्रॅमवर आणा आणि दूध-पाणी सरळ फ्रीजमधलं गार घ्या, थंडीत दोन्ही कोमट. आपल्याला मळून झाल्यावर गोळा साधारण २६-२७ डिग्रीला हवा असतो, म्हणजे हाताला गारही नाही आणि गरमही नाही.

मोठ्या बाऊलमध्ये मैदा, यीस्ट, साखर, मीठ हाताने एकत्र करा, दूध आणि पाणी घाला, पण पाण्यातलं दोन चमचे मागे ठेवा. कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत नुसतं कालवा, मळू नका, झाकून २० मिनिटं बाजूला ठेवून द्या. पोळीची कणीक आपण भिजवून ठेवतो ना, त्यामागचंच शास्त्र, पाणी पिठात मुरलं की ग्लूटेन आपोआप बनायला लागतं आणि पुढचं मळणं निम्म्यावर येतं. २० मिनिटांनी हात लावून बघा, घट्ट वाटला तर राखलेलं पाणी आता घाला.

मग ओट्यावर काढा. पोळीच्या कणकेला बुक्के मारतो तसं इथे करायचं नाही, तळहाताच्या मागच्या भागाने गोळा पुढे ढकलायचा, आपल्याकडे दुमडून घ्यायचा, काटकोनात फिरवायचा, परत ढकलायचा. पहिली चार-पाच मिनिटं तो हाताला, ओट्याला, बांगड्यांना सगळीकडे चिकटणार, आणि इथेच माणसं घाबरून मूठ मूठ मैदा टाकत सुटतात आणि मग दुसऱ्या दिवशी पाव दगड झाला म्हणतात. मैदा टाकायचा नाही म्हणजे नाही. फारच झालं तर उलथन्याने खरवडून गोळा करा आणि दोन मिनिटं थांबा. सहाव्या-सातव्या मिनिटाला कळतंच तुम्हाला, चिकट लगदा असतो तो एकदम ओटा सोडायला लागतो, वरून गुळगुळीत होतो. आता बटर चार-पाच वेळा करून घाला. बटर घातलं की सगळं परत विसकटतं, गोळ्याच्या चिंध्या होतात, घसरतो, पण मळत राहा, तीन-चार मिनिटांत सगळं बटर पोटात घेऊन तो पहिल्यापेक्षा मऊ आणि लुसलुशीत होतो. बटर आधीच का नाही घालायचं, तर तूप-लोणी पिठाच्या कणांना लागलं की ग्लूटेन बनायला अडथळा येतो.

झालं की नाही हे बघायला लिंबाएवढा तुकडा घ्या आणि चारी बोटांनी हळूहळू ताणत जा. न फाटता पापुद्र्यासारखा पातळ झाला आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसला तर मळणं पुरे. लगेच फाटला, कडा करवतीसारख्या दिसल्या तर अजून दोन-तीन मिनिटं.

आता फुगवणं. गोल बाऊलमध्ये दुप्पट झालं की नाही ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून सरळ उभ्या कडांच्या डब्याला आतून तेल लावा, गोळा आत दाबून बसवा, वरची पातळी जिथे आली तिथे बाहेरून रबर बँड लावा. रबर बँडच्या दुप्पट उंची गाठली की झालं, मग ते ४० मिनिटांत होवो नाहीतर दोन तासांत. थंडीत ओटीजी बंद ठेवून आत एक वाटी उकळतं पाणी आणि शेजारी डबा ठेवा, छान ऊब मिळते. उन्हात ठेवू नका, वरून सुकतो आणि कडेने जास्त आंबतो.

फुगलेला गोळा ओट्यावर घ्या, हलकेच दाबून गॅस काढा, वजन करून ९ भाग करा, साधारण ६० ग्रॅमचा एक येतो. अंदाजाने तोडू नका, लादीत एक मोठा एक छोटा झाला की छोटा आधी भाजून कोरडा पडतो. आता एकेका तुकड्याच्या कडा मध्ये दुमडून पुरचुंडी करा, जोड खाली ठेवून ओट्यावर टाका, वरून हाताची वाटी करा आणि करंगळीच्या कडेने गोळा खाली ओट्याला जरासा घासला जाईल असा गोल गोल फिरवा. इथे ओट्यावर मैदा नको, तेलही नको, कारण गोळ्याला खाली थोडी पकड मिळाली तरच वरची कातडी ताणली जाते. आठ-दहा फेऱ्यांत वर एकही सुरकुती राहत नाही आणि बोट लावलं तर ताठ लागतं. ही कातडी ताणलेली नसेल तर पाव वर न जाता आडवा पसरतो, सगळं मळणं नीट असूनही.

तेल लावलेल्या टिनमध्ये थोडी थोडी जागा सोडून तीन ओळीत ठेवा, ओलं फडकं झाका पण फडकं पावाला टेकू देऊ नका. दुसऱ्यांदा फुगताना ते एकमेकांना चिकटतील, तेच हवंय, लादी त्यानेच होते. तयार झाले का बघायला कडेच्या पावाला बोटाने हलकं दाबा: खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, हळूहळू अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये घालायची हीच वेळ, अजिबात भरलाच नाही तर उशीर झालाय, पटकन भाजायला घाला. ओटीजी तापायला १५-२० मिनिटं लागतात हे धरून आधीच चालू करा, पाव ओव्हनसाठी थांबत नाही.

वरून ब्रशने दूध लावा, दोन्ही रॉड चालू, १९० डिग्री, टिन मधल्या कप्प्याच्या जरा खाली, १८ ते २० मिनिटं. ओटीजीचं बटण १९० म्हणतं तेव्हा आत १७५ पण असू शकतं आणि २१० पण, त्यामुळे आत टांगायचा साधा थर्मामीटर मिळाला तर घ्या, आपला ओव्हन किती खोटं बोलतो ते एकदा कळलं की कायमचं काम होतं. रंग लवकर आला तर वर फॉइल टाका. बाहेर काढल्या काढल्या बटर फिरवा, म्हणजे वरची साल मऊ पडते, आणि पाच मिनिटांत टिनमधून जाळीवर. टिनमध्येच राहिला तर खालून घामेजतो. विजेचं टेन्शन घेऊ नका, १५०० वॅटचा ओटीजी तापवण्यासकट पाऊण तास चालला तरी जेमतेम एक युनिट जातं.

सँडविच ब्रेड

पीठ वरचंच. फक्त आपल्या टिनला किती गोळा लागेल ते आधी काढा, कारण बाजारात 'ब्रेड टिन' म्हणून पाच आकाराचे टिन मिळतात. रिकामा टिन काट्यावर ठेवून काठोकाठ पाणी भरा, जेवढं वजन येईल त्याच्या साधारण निम्म्या वजनाचा गोळा त्या टिनला बरोबर होतो. टिन १४०० ग्रॅम पाण्याचा असेल तर ७०० ग्रॅम गोळा, म्हणजे वरच्या प्रमाणाच्या साधारण १.३ पट.

पहिल्यांदा फुगल्यावर गोळा टिनच्या लांबीइतक्या रुंदीचा चौकोन थापा, मोठे बुडबुडे दाबून काढा, आणि सुरळी वड्यांसारखा पण चांगला घट्ट गुंडाळत या, प्रत्येक वळणाला अंगठ्याने दाबत. सैल गुंडाळलात तर ब्रेड कापल्यावर मध्ये बोगदा दिसतो. जोड खाली ठेवा. घुमट टिनच्या काठावर साधारण एक इंच आला की १८० डिग्रीला ३० ते ३५ मिनिटं. आत टोचायचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९३ ते ९५ डिग्री दिसलं पाहिजे, नसेल तर बाहेर काढून बुडावर टकटक करा, पोकळ आवाज हवा. आणि एक तासभर तरी कापू नका. गरम ब्रेड कापायचा मोह होतो मान्य आहे, पण आतली वाफ आणि स्टार्च अजून स्थिरावलेले नसतात, सुरीला लगदा लागतो आणि आपल्याला वाटतं कच्चा राहिला.

शंभर टक्के गव्हाचा

यात लोक सगळ्यात जास्त निराश होतात आणि दोष पिठाचा नसतोच, अपेक्षेचा असतो. विकतच्या अनेक 'ब्राऊन' ब्रेडमध्ये मैदाच जास्त आणि रंगाला कॅरामल असतं, साहित्याची यादी वाचा, जे जास्त ते आधी लिहिलेलं असतं. घरच्या गव्हाच्या ब्रेडची जाळी जरा दाट असणारच, पण विटेसारखा होण्याचं कारण नाही.

चक्कीवर दळताना गव्हातला बराच स्टार्च तुटतो त्यामुळे हे पीठ पाणी खूप पितं, आणि कोंड्याचे कण ग्लूटेनची जाळी कापतात. म्हणून ३०० ग्रॅम गव्हाच्या पिठाला २२५ ते २३५ ग्रॅम पाणी, १५ ग्रॅम गूळ पाण्यात विरघळवून, २० ग्रॅम तेल, साडेपाच ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम यीस्ट. मिळालं तर मोठा चमचाभर व्हायटल ग्लूटेन (गव्हातलं ग्लूटेन वेगळं काढून केलेली पूड), नसलं तरी अडत नाही. पीठ बारीक दळलेलं हवं, भाकरीसारखं भरड नको. यीस्ट आणि मीठ सोडून नुसतं पीठ आणि पाणी (त्यातलं दोन चमचे राखून) कालवून अर्धा तास ठेवा म्हणजे कोंडा मऊ पडतो, मग यीस्ट राखलेल्या पाण्यात मिसळून घाला, मीठ घाला आणि मळा. गोळा मैद्यापेक्षा चिकट राहील, हाताला तेल लावून मळा. आणि मुख्य मुद्दा, दुप्पट व्हायची वाट बघू नका. दीडपट झाला की आकार द्या, टिनच्या काठाच्या जेमतेम वर आला की भाजा. हे पीठ भराभर आंबतं आणि जाळी नाजूक असते, पाच-दहा मिनिटं जास्त झाली तरी ओव्हनमध्ये गेल्यावर खाली बसतं.

पहिल्यांदा करत असाल तर निम्मा मैदा घ्या, पाणी २१० च्या आसपास. त्यात काही कमीपणा नाही.

गोव्याची पोई याच निम्म्या-निम्म्या पिठाची घरी बरी होते. पोदेर, म्हणजे तिथले पाववाले, पूर्वी माडाच्या ताडीवर पीठ आंबवायचे, आता बहुतेक ठिकाणी यीस्टच आहे. ७०-८० ग्रॅमचे गोळे कोंड्यात घोळवून बोटभर जाड थापा, अर्धा तास झाकून ठेवा, ओटीजीत लोखंडी तवा उपडा ठेवून जितका तापेल तितका तापवा आणि त्यावर सात-आठ मिनिटं. मध्ये टम्म फुगून पोकळ होते, कापून आत भाजी भरा.

कडक ब्रून

दूध, बटर दोन्ही काढा. मैदा ३००, पाणी १८५, साखर चमचाभर, मीठ ६ ग्रॅम, यीस्ट ३ ग्रॅम. गोळे ८० ग्रॅमचे, सुटे सुटे ठेवायचे, वर धारदार ब्लेडने एक चीर. कडक साल यायला पहिल्या दहा मिनिटांत वाफ लागते, म्हणून खालच्या कप्प्यात स्टीलच्या छोट्या ताटलीत उकळतं पाणी ठेवा, रॉडवर आणि काचेवर थेंब उडू देऊ नका, गरम काच तडकते. २२० डिग्री, दहा मिनिटांनी ताटली काढा, पुढे १०-१२ मिनिटं. मुंबईच्या इराण्याकडच्या ब्रूनची चव मात्र घरी येत नाही, ती लाकडाच्या भट्टीची आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टाने अशा बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं होतं, तेव्हा खाऊन घ्यायचा असेल तर बाहेरच खाऊन घ्या.

फोकाचिया, म्हणजे ज्यांना मळायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी

मूळचा इटलीचा, ऑलिव्ह ऑईलमध्ये भाजलेला चपटा ब्रेड. तिकडच्या रेसिपीत मैद्याच्या वजनाच्या ८० टक्के पाणी असतं ते आपल्या मैद्याला घातलं तर सार होतं. ३०० ग्रॅम मैद्याला २१५ ग्रॅम पाणी पुरे, मीठ ६ ग्रॅम, यीस्ट २ ग्रॅम, ऑलिव्ह ऑईल एक चमचा. कालवा, अर्ध्या अर्ध्या तासाने ओल्या हाताने चारी बाजूंनी ताणून मध्ये दुमडा, असं तीन-चार वेळा, मग झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी टिनमध्ये दोन मोठे चमचे ऑलिव्ह ऑईल ओता, त्यात गोळा पसरवा, खोलीच्या तापमानाला चांगला थुलथुलीत फुगेपर्यंत थांबा (दीड-दोन तास), तेलाची बोटं तळापर्यंत खुपसून खळगे पाडा, वर जाडं मीठ, लसूण, चेरी टोमॅटो. २२० डिग्रीला २२ ते २५ मिनिटं. रोझमेरी नसेल तर ओवा छान लागतो, कढीपत्ता मात्र जळून कडू होतो.

ओव्हनच नसेल तर

कन्व्हेक्शनवाल्या मायक्रोवेव्हमध्ये होतं, नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर नाही. गॅसवर जाड बुडाच्या मोठ्या कढईत तळाला स्टँड ठेवून, घट्ट झाकण लावून १० मिनिटं मध्यम आचेवर तापवा, टिन ठेवा, मंद ते मध्यम आचेवर २५-३० मिनिटं. वरून रंग येत नाही, नंतर उलटून तव्यावर बटर लावून शेका. लादी पावाला चालून जातं, ब्रूनला नाही.

बिघडलं तर काय बिघडलं

ब्रेड दाट झाला आणि आंबट वास नाही, तर फुगायला वेळ कमी पडला किंवा मळताना मैदा जास्त पडला. आंबट, दारूसारखा वास आणि वरचा घुमट खचलेला, तर जास्त आंबला, पुढच्या वेळी यीस्ट कमी आणि पाणी गार. ब्रेडच्या बाजू बाहेर काढल्यावर आत दबल्या तर भाजणं कमी पडलं, पाच-सात मिनिटं वाढवा. एका कडेला चीर फुटली तर दुसऱ्यांदा पुरेसा फुगला नव्हता. वर पांढराफटक आणि खाली करपलेला म्हणजे टिन एक कप्पा वर घ्या. कापताना भुगा होतोय तर पाणी कमी किंवा मळणं कमी.

ठेवायचा कसा, तर फ्रीजमध्ये अजिबात नाही. फ्रीजच्या तापमानाला ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, कडक आणि रबरासारखा. आपण प्रिझर्वेटिव्ह घालत नाही त्यामुळे बाहेर दोन दिवस, कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात दीडच समजा, तिसऱ्या दिवशी हिरवे ठिपके येतात आणि ठिपका काढून बाकीचा खायचा नसतो, बुरशी आतपर्यंत गेलेली असते. पूर्ण गार झाल्यावर स्लाइस करून फ्रीझरमध्ये टाका, लागेल तशी स्लाइस काढून सरळ तव्यावर किंवा टोस्टरमध्ये. लादी पाव फ्रीझरमधून काढून वर पाण्याचा हात फिरवून झाकण ठेवून मंद तव्यावर दोन-तीन मिनिटं, मिसळीसोबत ताज्यासारखा लागतो. बुरशी नाही पण कडक झालाय असा उरला तर ओटीजीत १०० डिग्रीला वाळवून मिक्सरमधून काढा, कटलेटला विकतचा ब्रेडक्रम आणायला नको.